गरजाधारित आर्थिक साहाय्य (अमेरिकेतील खाजगी महाविद्यालये)

गरजाधारित आर्थिक साहाय्य ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उच्च शिक्षणात रूढ असलेली पद्धत आहे. या पद्धतीत विद्यार्थ्याला मिळणारी रक्कम त्याच्या गुणांवरून किंवा क्रीडाकौशल्यावरून नव्हे, तर त्याच्या कुटुंबाच्या खर्च करण्याच्या कुवतीवरून ठरते. केंद्र सरकार, राज्य सरकारे आणि स्वतः महाविद्यालये असे साहाय्य देतात. खाजगी महाविद्यालयांत यांपैकी सर्वांत मोठा वाटा बहुधा महाविद्यालयाच्या स्वतःच्या अनुदानाचा असतो. हे अनुदान म्हणजे प्रत्यक्षात शुल्कातील सवलत होय. त्यामुळे एकाच वर्गात शेजारी बसणारे दोन विद्यार्थी एकाच शिक्षणासाठी अत्यंत भिन्न रकमा भरत असतात.

महाराष्ट्रातील शुल्क-प्रतिपूर्तीच्या योजनांशी या पद्धतीची तुलना करताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत उत्पन्नाची मर्यादा (वार्षिक ८ लाख रुपये) शासन ठरवते आणि पैसेही शासन देते. अमेरिकेतील खाजगी महाविद्यालय मात्र कुटुंबाची गरज किती आणि त्यातील किती भाग आपण भागवायचा, हे दोन्ही पुष्कळ अंशी स्वतःच ठरवते. म्हणून कमी उत्पन्नाच्या कुटुंबावर पडणारा भार त्या कुटुंबाच्या उत्पन्नाइतकाच महाविद्यालयाच्या श्रीमंतीवरही अवलंबून असतो.

इतिहास

अमेरिकेतील महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचा आरंभ १६४३ पासून मानला जातो. त्या वर्षी लंडनच्या लेडी मोल्सन, म्हणजेच अ‍ॅन रॅडक्लिफ, यांनी एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी हार्वर्डला १०० पौंड दिले. एकोणिसाव्या शतकात असे साहाय्य मुख्यतः धार्मिक संस्थांकडून मिळे. १८१५ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेली अमेरिकन एज्युकेशन सोसायटी धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्या निर्धन तरुणांचा खर्च उचलत असे. तेव्हा गरज मोजण्याची कोणतीही ठरीव रीत नव्हती. शिफारसपत्र आणि अध्यक्षांचे मत यांवर काम भागत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४४ च्या ‘जीआय बिल’ कायद्याने माजी सैनिकांना महाविद्यालयांची दारे उघडून दिली. अर्जदारांची संख्या वाढली, तशी हुशार विद्यार्थी आपल्याकडे ओढण्यासाठी महाविद्यालयांत शिष्यवृत्त्यांची चढाओढही सुरू झाली. ज्याला पैशाची गरज नाही अशा विद्यार्थ्यालाही मोठी रक्कम देऊ केली जाई आणि गरजूंसाठी निधी उरत नसे. हार्वर्डमधील अधिकारी जॉन मन्रो यांनी कुटुंबाचे उत्पन्न, मालमत्ता आणि अपत्यांची संख्या विचारात घेऊन कुवत काढण्याचे एक सूत्र तयार केले. त्याच धर्तीवर १९५४ मध्ये कॉलेज बोर्डाने ‘कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस’ सुरू केली. सर्व सदस्य महाविद्यालयांनी एकाच प्रकारच्या अर्जावरून गरज काढावी, असा तिचा हेतू होता. मन्रो यांनी पुढे १९६७ मध्ये हार्वर्डमधील अधिष्ठातापद सोडले आणि अलाबामातील बर्मिंगहॅमजवळील माइल्स कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या छोट्या महाविद्यालयात ते शिकवू लागले. ज्या विद्यार्थ्यांसाठी सूत्र रचले, त्यांच्यातच ते जाऊन राहिले, असे म्हणता येईल.

केंद्र सरकार या क्षेत्रात टप्प्याटप्प्याने आले. १९५८ च्या कायद्याने विद्यार्थी कर्जे, १९६४ च्या कायद्याने ‘वर्क-स्टडी’ म्हणजे काम करून शिकण्याची योजना आणि १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने अनुदाने व हमीची कर्जे सुरू झाली. १९७२ मध्ये एक मूलभूत निर्णय झाला. सरकारी अनुदान सरसकट महाविद्यालयांना न देता गरजू विद्यार्थ्याच्या नावे द्यावे आणि त्याने ते सरकारी किंवा खाजगी, हव्या त्या मान्यताप्राप्त संस्थेत न्यावे, असे ठरले. या अनुदानाला १९८० मध्ये ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव देण्यात आले. ‘पेल अनुदान’ मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण हाच आज एखाद्या महाविद्यालयात कमी उत्पन्न गटातील किती मुले आहेत हे मोजण्याचा सर्वमान्य निकष झाला आहे.

‘ओव्हरलॅप’ खटला

आयव्ही लीगमधील आठ संस्था आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) यांचे प्रतिनिधी अनेक वर्षे दर वसंत ऋतूत एकत्र बसत. एकाहून अधिक संस्थांत निवड झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कुटुंबाने किती पैसे भरावेत, यावर ते एकमत करीत. या गटाला ‘ओव्हरलॅप ग्रुप’ म्हणत. ही किंमत संगनमताने ठरवण्याची रीत आहे, असे म्हणून १९९१ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने दावा दाखल केला. आयव्ही लीगच्या आठही संस्थांनी तडजोड केली, एमआयटीने मात्र खटला लढवला. असा समझोता नसेल तर मर्यादित निधी श्रीमंत घरच्या हुशार मुलांना आकर्षित करण्यात खर्च होईल आणि गरजूंना तोटा होईल, असा तिचा युक्तिवाद होता. कनिष्ठ न्यायालयाने तो नाकारला. अपील न्यायालयाने १९९३ मध्ये त्याचा नीट विचार व्हावा म्हणून प्रकरण परत पाठवले, आणि वर्षअखेरीस समेट झाला.

पुढे १९९४ मध्ये काँग्रेसने कलम ५६८ संमत केले. जी महाविद्यालये कुटुंबाची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देतात, त्यांना गरज मोजण्याचे सामाईक सूत्र ठरवण्याची मुभा या कलमाने दिली. हे कलम ३० सप्टेंबर २०२२ रोजी संपुष्टात आले. त्याआधी, जानेवारी २०२२ मध्ये, माजी विद्यार्थ्यांनी नामांकित खाजगी विद्यापीठांच्या एका गटावर दावा लावला होता. देणगीदारांच्या मुलांना झुकते माप देणाऱ्या संस्था आर्थिक स्थितीकडे डोळेझाक करतात असे म्हणता येत नाही, म्हणून त्यांना ही मुभा लागूच नव्हती, असा वादींचा मुद्दा होता. यांपैकी दहा विद्यापीठांनी दोष मान्य न करता एकूण २८.४ कोटी डॉलर देऊन २०२४ पर्यंत तडजोड केली.

गरज कशी ठरते

मूळ समीकरण सोपे आहे. शिक्षणाच्या एकूण वार्षिक खर्चातून कुटुंबाकडून अपेक्षित असलेली रक्कम वजा केली की उरते ती गरज. एकूण खर्चात केवळ शिक्षण शुल्क नव्हे, तर निवास, भोजन, पुस्तके, प्रवास आणि किरकोळ खर्चही धरले जातात. गुंतागुंत आहे ती अपेक्षित रक्कम काढण्यात, आणि ती काढण्याच्या दोन वेगळ्या रीती प्रचलित आहेत.

पहिली रीत सरकारी आहे. तिचा अर्ज ‘फाफ्सा’ या नावाने ओळखला जातो व तो विनाशुल्क असतो. त्यातून निघणाऱ्या आकड्याला २०२४-२५ पासून ‘स्टुडंट एड इंडेक्स’ म्हणतात. हा आकडा शून्याच्याही खाली, उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो. अर्जात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न विचारले जाते. कुटुंब राहते ते घर आणि निवृत्तीसाठीची बचत मोजली जात नाही. पालकांच्या इतर मालमत्तेचा जास्तीत जास्त सुमारे ५.६४ टक्के, तर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावरील मालमत्तेचा २० टक्के भाग दरवर्षी खर्चासाठी उपलब्ध आहे असे मानले जाते. आजी-आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेली ठेव त्यामुळे कधी कधी त्याच्याच अंगाशी येते.

दुसरी रीत कॉलेज बोर्डाच्या ‘सीएसएस प्रोफाइल’ या अर्जाची आहे. स्वतःचा मोठा निधी वाटणारी बहुतेक खाजगी महाविद्यालये फाफ्साबरोबर हाही अर्ज मागतात. यात घराची किंमत, व्यवसायाचे मूल्य, वैद्यकीय खर्च, धाकट्या भावंडांच्या शाळेचा खर्च असे बारीक प्रश्न असतात. घटस्फोटित पालकांच्या बाबतीत फाफ्सा अधिक आधार देणाऱ्या पालकाचीच माहिती घेतो, तर प्रोफाइल वापरणारी अनेक महाविद्यालये दुसऱ्या पालकाचीही माहिती मागतात. वर्षानुवर्षे संपर्कात नसलेल्या वडिलांचे प्राप्तिकर विवरण मिळवणे हे एकट्या आईबरोबर राहणाऱ्या विद्यार्थ्यापुढचे मोठे संकट असते. पुराव्यासह विनंती केल्यास ही अट शिथिल होऊ शकते. घराच्या किमतीबाबत प्रत्येक महाविद्यालयाचे धोरण निराळे आहे. हार्वर्डने २००७ मध्ये ती मोजणे बंद केले.

विद्यार्थी २४ वर्षांचा होईपर्यंत, तो विवाहित, माजी सैनिक, अनाथ किंवा बेघर नसल्यास, सरकारी नियमानुसार पालकांवर अवलंबून मानला जातो. पालक प्रत्यक्षात पैसे देतात की नाही, याला महत्त्व नसते. नोकरी गेली, आजारपण आले किंवा दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न आता राहिले नाही, तर साहाय्य अधिकारी स्वतःच्या अधिकारात आकडे बदलू शकतो. मात्र त्यासाठी कुटुंबाने लेखी विनंती करून कागदपत्रे द्यावी लागतात. ज्या घरात महाविद्यालयात जाणारी ही पहिलीच पिढी असते, तिथे असे मागता येते हेच पुष्कळदा ठाऊक नसते.

अर्ज सोपा करण्यासाठी २०२० मध्ये कायदा झाला. परंतु नवा फाफ्सा नेहमीच्या १ ऑक्टोबरऐवजी डिसेंबर २०२३ च्या अखेरीस खुला झाला आणि त्यात तांत्रिक दोष निघाले. ज्यांच्या पालकांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही अशा विद्यार्थ्यांना सुरुवातीस अर्ज पूर्णच करता येईना. महाविद्यालयांना माहिती मार्च २०२४ मध्ये मिळू लागली. प्रवेश निश्चित करण्याची १ मे ही रूढ तारीख अनेकांना पुढे ढकलावी लागली.

साहाय्याचे घटक

महाविद्यालय प्रवेशपत्राबरोबर किंवा त्यानंतर साहाय्यपत्र पाठवते. त्यात अनुदान, काम आणि कर्ज अशा तीन स्वरूपांच्या रकमा असतात. पेल अनुदानाची कमाल मर्यादा २०२३-२४ पासून ७,३९५ डॉलर आहे. नामांकित खाजगी महाविद्यालयाच्या खर्चापुढे ही रक्कम लहानच आहे. वर्क-स्टडीमध्ये विद्यार्थी ग्रंथालय, भोजनगृह, प्रयोगशाळा अशा ठिकाणी आठवड्याला काही तास काम करतो. हे पैसे पगारासारखे हळूहळू मिळत असल्याने सत्राच्या आरंभी शुल्क भरण्यास ते उपयोगी पडत नाहीत. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि नंतर दरवर्षी ७,५०० डॉलरपर्यंत केंद्रीय कर्ज घेता येते.

साहाय्यपत्राची भाषा हा जुना वादाचा विषय आहे. अनुदान आणि कर्ज एकाच स्तंभात मांडून ‘एकूण पारितोषिक’ अशी बेरीज दाखवण्याची प्रथा अनेक महाविद्यालयांत होती व आहे. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ९१ टक्के महाविद्यालये पत्रात निव्वळ खर्च सांगत नाहीत किंवा तो कमी करून सांगतात, असे आढळले. निव्वळ खर्च म्हणजे एकूण खर्चातून केवळ परत न करावी लागणारी रक्कम वजा करून उरणारा आकडा.

या आकड्याचे महत्त्व एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका कुटुंबाकडून वर्षाला ३,००० डॉलर अपेक्षित आहेत, असे दोन्ही महाविद्यालयांनी मानले, असे समजू. पहिल्या महाविद्यालयाचा जाहीर खर्च ८०,००० डॉलर आहे. ते स्वतःचे ७०,००० डॉलर अनुदान देते. पेल अनुदानाचे ४,३९५ आणि कामाचे २,६०५ मिळून ७७,००० ची संपूर्ण गरज भागते. दुसऱ्याचा जाहीर खर्च ६०,००० डॉलरच आहे, परंतु त्याचे अनुदान ३२,००० डॉलर आहे. पेल व काम तेवढेच धरले आणि ५,५०० चे कर्ज जोडले, तरी ५७,००० च्या गरजेपैकी १२,५०० डॉलर उरतात. दरवर्षी हीच तूट राहिली तर चार वर्षांत ती ५०,००० डॉलर होते, आणि विद्यार्थ्याच्या नावावर २७,००० डॉलरचे कर्ज चढते ते वेगळेच. जाहीर किंमत पाहून ‘स्वस्त’ महाविद्यालय निवडणारे कुटुंब इथे फसते.

२००८ च्या कायद्यानुसार प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र ठेवणे ऑक्टोबर २०११ पासून बंधनकारक आहे. शिक्षण विभागाच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या संकेतस्थळावरही उत्पन्नगटानुसार सरासरी निव्वळ खर्च पाहता येतो. ३०,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नाचा गट त्यात स्वतंत्र दाखवला जातो.

संपूर्ण गरज भागवणारी महाविद्यालये

प्रवेशाचा निर्णय घेताना कुटुंबाची पैसे देण्याची क्षमता न पाहणे, या धोरणाला ‘नीड-ब्लाइंड’ म्हणतात. ती पाहण्याच्या धोरणाला ‘नीड-अवेअर’ असे नाव आहे. प्रवेश मिळालेल्याची सगळी गरज भागवणे हे तिसरे, स्वतंत्र धोरण आहे. या तिन्हींची गल्लत सर्रास होते. एखादे महाविद्यालय आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देईल आणि नंतर पुरेसे पैसेच देणार नाही, असेही घडते. अशा वेळी प्रवेश नावापुरता उरतो. याउलट ‘नीड-अवेअर’ महाविद्यालय काही गरजू अर्जदारांना नाकारते, पण ज्यांना घेते त्यांची गरज बहुधा पूर्ण भागवते. यांतले अधिक प्रामाणिक धोरण कोणते, याबद्दल साहाय्य अधिकाऱ्यांतही एकमत नाही. वेस्लियन विद्यापीठाने २०१२ मध्ये निधीची मर्यादा उघड मान्य करून दुसरा मार्ग स्वीकारला, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आंदोलन केले होते.

दोन्ही आश्वासने एकत्र पाळणे ‘एन्डाउमेंट’ म्हणजे मोठा कायम निधी असलेल्या मोजक्या संस्थांनाच जमते. प्रिन्स्टनने २००१ मध्ये साहाय्यातून कर्ज वगळले व त्याजागी अनुदान देण्यास सुरुवात केली. हार्वर्डने २००४ मध्ये ४०,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या पालकांकडून काहीही न घेण्याचे जाहीर केले. ही मर्यादा पुढे अनेकदा वाढली. २०२५-२६ पासून हार्वर्डमध्ये १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांचा सर्व खर्च आणि २ लाखांपर्यंतच्या कुटुंबांचे शिक्षण शुल्क माफ आहे. त्याच वर्षी एमआयटीने तशाच मर्यादा लागू केल्या. प्रिन्स्टनच्या मर्यादा अनुक्रमे दीड लाख व अडीच लाख आहेत. मालमत्ता उत्पन्नाच्या मानाने फार मोठी नसावी, अशी अट सर्वत्र असते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला हे धोरण कायमचे स्वीकारता यावे म्हणून माजी विद्यार्थी मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१८ मध्ये १८० कोटी डॉलरची देणगी दिली. एका विद्यापीठाची दारे आर्थिकदृष्ट्या खुली ठेवण्यास किती पैसा लागतो, याची त्यावरून कल्पना यावी.

अन्य खाजगी महाविद्यालये

बहुसंख्य खाजगी महाविद्यालयांकडे असा निधी नाही. त्यांचे दैनंदिन काम विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालते. जाहीर किंमत उंच ठेवायची आणि जवळजवळ प्रत्येकाला कमी-अधिक सूट द्यायची, अशी रीत त्यांच्यात रूढ झाली आहे. महाविद्यालयीन वित्त अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ही सूट जाहीर शुल्काच्या सरासरी ५६ टक्के होती. परंतु ही सूट केवळ गरजेवर दिली जात नाही. गुणवत्तेच्या नावाखाली २०,००० डॉलर दिल्याने उरलेले शुल्क भरू शकणारा सधन विद्यार्थी मिळत असेल, तर तेवढेच पैसे एका अत्यंत गरजू विद्यार्थ्यावर खर्च करण्यापेक्षा तो व्यवहार महाविद्यालयाला परवडतो. १९५० च्या दशकात मन्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जी चढाओढ थांबवायची होती, ती या रूपाने परत आली आहे.

न भागलेली गरज बहुधा पालकांच्या नावावरील ‘पॅरेंट प्लस’ या केंद्रीय कर्जाने भरली जाते. १९८० मध्ये सुरू झालेले हे कर्ज पालकांची परतफेडीची क्षमता तपासून दिले जात नाही. पूर्वीची थकबाकी पाहिली जाते, उत्पन्न नव्हे. अनेक वर्षे महाविद्यालयाचा उरलेला सर्व खर्च या कर्जातून घेता येत असे. २०२५ च्या कायद्याने जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जदारांसाठी एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर अशी मर्यादा घातली आहे. कर्ज कमी होईल हे खरे. पण महाविद्यालयाने अनुदान वाढवले नाही, तर ती तूट कोणी भरायची हा प्रश्न राहतो.

ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या खाजगी महाविद्यालयांत ही तूट विशेष जाणवते. त्यांच्याकडे पेल अनुदान मिळवणाऱ्यांचे प्रमाण मोठे आणि कायम निधी लहान असतो. अटलांटातील मोरहाउस कॉलेजच्या २०१९ च्या पदवीदान समारंभात उद्योजक रॉबर्ट स्मिथ यांनी उत्तीर्ण होणाऱ्या संपूर्ण तुकडीचे कर्ज फेडण्याची घोषणा केली. सुमारे ४०० पदवीधरांचे, त्यांच्या पालकांनी काढलेल्या कर्जासह, हे ओझे ३.४ कोटी डॉलर भरले.

बेरिया आणि कूपर युनियन

केंटकीतील बेरिया कॉलेजचा मार्ग या सर्वांहून वेगळा आहे. १८५५ मध्ये गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक जॉन फी यांनी त्याची स्थापना केली. १८९२ पासून तिथे विद्यार्थ्यांकडून शिक्षण शुल्क घेतले जात नाही, आणि आर्थिक गरज असलेल्यांनाच प्रवेश मिळतो. प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान १० तास महाविद्यालयात काम करतो: कोणी शेतावर, कोणी सुतारकामात किंवा विणकामात, कोणी कार्यालयात. इथे श्रीमंताच्या शुल्कातून गरिबाची सूट निघत नाही. खर्चाचा मोठा भाग अनेक पिढ्यांत साठवलेल्या कायम निधीच्या उत्पन्नातून भागतो. आपल्याकडील ‘कमवा आणि शिका’ योजनेची या पद्धतीशी तुलना होऊ शकते.

न्यू यॉर्कमधील कूपर युनियनचे उदाहरण उलट दिशेचे आहे. पीटर कूपर यांनी १८५९ मध्ये विनाशुल्क शिक्षणासाठी स्थापन केलेल्या या संस्थेने आर्थिक ओढाताणीमुळे २०१४ मध्ये नव्या विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर शिक्षण पुन्हा टप्प्याटप्प्याने विनाशुल्क करण्याची योजना तिने स्वीकारली आहे.

प्रवेशांतील वाटा

सर्वांत उदार साहाय्य देणारी महाविद्यालये कमी उत्पन्न गटातील मुलांना फार थोड्या संख्येने प्रवेश देतात, ही या पद्धतीवरील प्रमुख टीका आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्राप्तिकराच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात ३८ महाविद्यालये अशी आढळली, की जिथे सर्वांत श्रीमंत १ टक्का कुटुंबांतील विद्यार्थी खालच्या ६० टक्के कुटुंबांतील विद्यार्थ्यांपेक्षा अधिक होते. त्यांच्याच २०२३ च्या अभ्यासानुसार, परीक्षेत सारखेच गुण असताना सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतील मुलांना अतिनिवडक खाजगी महाविद्यालयांत जाण्याची संधी मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक होती. माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना दिले जाणारे प्राधान्य, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर कामगिरीला दिलेले वजन ही त्यांनी दाखवलेली मुख्य कारणे होत. अ‍ॅमहर्स्टने २०२१ मध्ये आणि वेस्लियनने २०२३ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे प्राधान्य रद्द केले. कॅलिफोर्निया राज्याने तर खाजगी महाविद्यालयांतही त्यावर बंदी घातली.

दुसरे कारण अर्जच न करण्याचे आहे. कॅरोलाइन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी यांनी दाखवून दिले, की उत्तम गुण मिळवणारी बहुसंख्य गरीब मुले निवडक महाविद्यालयांत अर्जच करीत नाहीत, जरी तिथला निव्वळ खर्च त्यांना जवळच्या साध्या महाविद्यालयापेक्षा कमी पडला असता. मिशिगन विद्यापीठाने (हे सरकारी आहे) केलेल्या एका प्रयोगात अशा विद्यार्थ्यांना चार वर्षांचे शुल्क माफ असल्याची हमी पत्राने आधीच कळवली गेली. त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांना ही माफी एरवीही मिळणारच होती. पत्र मिळालेल्यांत अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले. खाजगी महाविद्यालयांनी अलीकडे ‘अमुक उत्पन्नापर्यंत विनाशुल्क’ अशा ठळक घोषणा करण्याकडे जो कल दाखवला आहे, त्यामागे हाच धडा आहे. ‘क्वेस्टब्रिज’ ही संस्था कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांची भागीदार महाविद्यालयांशी पूर्ण शिष्यवृत्तीसह जोडणी करून देते.

‘अर्ली डिसिजन’ या बांधिलकीच्या प्रवेशप्रकाराचाही इथे उल्लेख करावा लागतो. यात अर्जदार एकाच महाविद्यालयात आगाऊ अर्ज करतो आणि निवड झाल्यास तिथेच जाण्याचे वचन देतो. साहाय्य अपुरे असल्यास वचनातून सुटका होते, परंतु वेगवेगळी साहाय्यपत्रे समोर ठेवून तुलना करण्याची संधी जाते. ही तुलना ज्याला सर्वाधिक आवश्यक, तोच या मार्गाने जाण्यास कचरतो.

महाविद्यालयात आल्यावर

समाजशास्त्रज्ञ अँथनी अब्राहम जॅक यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात पूर्ण साहाय्य मिळूनही राहणाऱ्या उणिवांची नोंद केली आहे. वसंत ऋतूच्या सुटीत भोजनगृहे बंद होत. घरी जाण्याचे भाडे नसलेले विद्यार्थी वसतिगृहातच राहत आणि त्या दिवसांत अर्धपोटी काढत. त्यांच्या लेखनानंतर काही महाविद्यालयांनी सुटीत भोजनाची सोय सुरू केली. विम्याचा हप्ता, हिवाळी कपडे, संगणक यांसाठी काही ठिकाणी प्रथम वर्षाला स्वतंत्र रक्कम मिळते.

बाहेरच्या शिष्यवृत्तीचा प्रश्नही वारंवार उद्भवतो. गावातील एखाद्या मंडळाने विद्यार्थ्याला २,००० डॉलर दिले, तर अनेक महाविद्यालये तेवढीच रक्कम आपल्या साहाय्यातून कमी करतात. आधी कर्ज किंवा काम कमी केले, तर विद्यार्थ्याचा लाभ होतो. अनुदान कमी केले, तर लाभ महाविद्यालयाचा. शिष्यवृत्तीचा शुल्क व पुस्तकांसाठीचा भाग करमुक्त असतो; निवास-भोजनासाठीचा भाग मात्र करपात्र उत्पन्न ठरतो, आणि हे पहिल्या वर्षी फारच थोड्यांना माहीत असते.

भारतीय विद्यार्थी

परदेशी नागरिकांना पेल अनुदान, केंद्रीय कर्ज किंवा वर्क-स्टडी मिळत नाही. त्यामुळे भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याची सारी भिस्त महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीवर असते. परदेशी अर्जदारांच्या बाबतीतही आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देणारी आणि पूर्ण गरज भागवणारी महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन यांचा त्यांत समावेश होतो. इतरत्र गरजेची रक्कम जितकी मोठी, तितकी प्रवेशाची शक्यता घटते. प्रवेशावेळी साहाय्य मागितले नसेल तर पुढील वर्षांत ते मागता येणार नाही, असा नियम अनेक ठिकाणी आहे. ‘आधी प्रवेश घेऊ, मग बघू’ हा विचार म्हणून धोक्याचा ठरतो.

सीएसएस प्रोफाइल अमेरिकी कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून रचलेला आहे. शेतीचे उत्पन्न, एकत्र कुटुंबातील सामाईक घर, भावाच्या नावावरील जमीन, आजी-आजोबांचा औषधोपचार यांसाठी त्यात नेमके रकाने नाहीत. अशा गोष्टी विशेष परिस्थितीच्या रकान्यात किंवा स्वतंत्र पत्राने कळवाव्या लागतात. पुरावा म्हणून प्राप्तिकर विवरणपत्र, नियोक्त्याचा फॉर्म १६ किंवा वेतनाचा दाखला आणि बँकेची विवरणपत्रे मागितली जातात. इंग्रजीत नसलेल्या कागदांचे भाषांतर जोडावे लागते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना महाविद्यालयाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते.

भारतीयांसाठी राखीव निधीचे एक ठळक उदाहरण कॉर्नेल विद्यापीठात आहे. टाटा एज्युकेशन अँड डेव्हलपमेंट ट्रस्टने २००८ मध्ये दिलेल्या २.५ कोटी डॉलरच्या निधीतून तिथे पदवी शिक्षण घेणाऱ्या गरजू भारतीय विद्यार्थ्यांना साहाय्य मिळते. त्याच उद्योगसमूहाच्या संस्थापकांनी १८९२ मध्ये मुंबईत स्थापन केलेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट हा निधी परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो.